कोपनहेगनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: कोपनहेगनमध्ये रोम किंवा पॅरिससारखी जगप्रसिद्ध स्मारके नाहीत. मग तेथे जाऊन पाहायचे काय?

शंका रास्त आहे. शहराची ओळख म्हणून ज्या ‘लिटल मर्मेड’चे छायाचित्र सर्वत्र छापले जाते, ती एडवर्ड एरिकसन यांची १९१३ सालची कांस्यमूर्ती जेमतेम सव्वा मीटर उंचीची आहे, आणि केवळ तिच्यासाठी बंदराच्या टोकापर्यंत चालत गेलेले बहुतेक लोक पाच मिनिटांत परत फिरतात. या शहराचे खरे वैशिष्ट्य रोजच्या वापराच्या वस्तू आणि जागा मन लावून घडवण्यात आहे. खुर्ची, दिवा, पूल, सायकलमार्ग, ग्रंथालय, बंदरातील पोहण्याची जागा या सगळ्यांवर येथे राजवाड्याइतकाच विचार झालेला दिसतो. जुन्या गावठाणातील चौकांमध्ये इमारतींचे कोपरे काटकोनी नसून तिरके छाटलेले आढळतात. १७९५ च्या भीषण आगीनंतर अग्निशामक गाड्यांना लांब शिड्यांसह सहज वळता यावे म्हणून तसा नियमच करण्यात आला होता. शोभेची वाटणारी गोष्ट गरजेतून आलेली असावी, हे या शहरात पुन्हा पुन्हा अनुभवास येते. म्हणून स्थळांच्या यादीवर खुणा करत धावण्यापेक्षा येथे बसून, चालून, सायकल चालवून शहर वापरून पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न: कोणत्या महिन्यांत जावे?

मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा आहे. शहर सुमारे ५५.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने जूनअखेरीस दिवस साडेसतरा तासांचा असतो आणि सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम सात तासांचा उरतो आणि दुपारी पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. तरीही नाताळच्या आधीचे आठवडे, खिडक्यांतील मेणबत्त्या आणि दिव्यांनी सजलेले टिव्होली उद्यान यांसाठी मुद्दाम हिवाळ्यात जाणारेही पुष्कळ आहेत. जानेवारी आणि फेब्रुवारी मात्र शक्यतो टाळावेत, कारण तेव्हा थंडी आणि ढगाळ हवा असतेच, शिवाय डिसेंबरची रोषणाईही संपलेली असते. २३ जूनच्या संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यांवर आणि बागांमध्ये ‘सांक्त हान्स’च्या शेकोट्या पेटतात, प्रवासाच्या तारखा हाती असतील तर हा दिवस साधावा. उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो आणि पाऊस सांगून येत नाही, त्यामुळे छत्रीपेक्षा टोपी असलेले वारारोधक जाकीट अधिक उपयोगी पडते.

प्रश्न: व्हिसा कोणता लागतो?

डेन्मार्क शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना अल्पकालीन शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान पंधरा दिवस आधी दाखल झालेला असावा लागतो. उन्हाळी सुट्ट्यांच्या गर्दीचा विचार करता दोन-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे आहे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. एकाच फेरीत अनेक देश पाहायचे असतील तर ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस समान असल्यास जेथे प्रथम प्रवेश होणार आहे तो देश धरला जातो. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: ग्रीनलंड आणि फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत, त्यामुळे तेथे जायचे असल्यास अर्जातच तसा स्पष्ट उल्लेख करून स्वतंत्र मुभा घ्यावी लागते.

प्रश्न: विमानतळावरून शहरात कसे जावे आणि शहरात कसे फिरावे?

कास्ट्रुप येथील विमानतळ शहराच्या मध्यभागापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. तेथूनच सुटणारी मेट्रोची एम-२ मार्गिका सुमारे पंधरा मिनिटांत कोंगेन्स न्यूटॉर्व्ह आणि नोरेपोर्ट या मध्यवर्ती स्थानकांवर पोहोचवते, तर मुख्य रेल्वे स्थानकाकडे जायचे असल्यास रेल्वेगाडी घ्यावी. टॅक्सीची गरज सहसा पडत नाही. २००२ साली सुरू झालेली ही मेट्रो चालकाविना धावते आणि रात्रंदिवस चालू असते. सर्वांत पुढच्या आसनावर बसले की बोगदा समोरून अंगावर येताना दिसतो, त्यामुळे ती जागा मिळवण्यासाठी मुलांची आणि बऱ्याचदा मोठ्यांचीही धडपड चालते. मेट्रो, बस, उपनगरी रेल्वे आणि बंदरातील पिवळ्या प्रवासी होड्या या सर्वांसाठी विभागांवर आधारलेले एकच तिकीट चालते, आणि प्रौढ प्रवाशासोबत बारा वर्षांखालील दोन मुले विनामूल्य प्रवास करू शकतात. या पिवळ्या होड्या म्हणजे तेथील नित्याची सार्वजनिक वाहतूक आहे, परंतु पर्यटकांच्या महागड्या जलसफरीत दिसणाऱ्या बंदरकाठच्या कितीतरी इमारती त्यांतूनही बसच्या तिकिटात पाहता येतात.

प्रवासाचे तिकीट आता मुख्यतः मोबाइलवर काढले जाते. मात्र स्थानकांवरील यंत्रांतून बँकेच्या कार्डाने तिकीट घेण्याची सोय आहे. दिवसाला तीन-चार संग्रहालये पाहण्याचा बेत असेल तरच प्रवेश आणि प्रवास एकत्र देणारे ‘कोपनहेगन कार्ड’ परवडते.

प्रश्न: आम्ही भारतात सायकल चालवणे सोडून बरीच वर्षे झाली. तेथे सायकल घेण्याचे धाडस करावे का?

करावे, परंतु पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता करू नये. कामावर निघालेल्यांच्या त्या वेळेत सायकलमार्गांवर वेगाने आणि शिस्तीने जाणाऱ्यांचा अखंड लोंढा असतो, आणि नवख्या माणसाने त्यात अडखळणे कोणालाच आवडत नाही. सकाळी दहानंतर किंवा रविवारी सुरुवात करावी. बहुतेक मोठ्या रस्त्यांवर सायकलमार्ग मोटारींच्या मार्गापेक्षा थोडा उंच आणि पदपथापेक्षा थोडा खाली असतो, म्हणजे तिघांनाही आपापली पातळी मिळते. ही साधी रचना सुरक्षिततेचे मोठे कारण आहे.

नियम थोडे आहेत, पण ते काटेकोरपणे पाळले जातात. वाहतूक उजव्या बाजूने चालते. सायकलमार्गाच्या उजव्या कडेने जावे आणि पुढच्याला डावीकडून ओलांडावे. वळण्यापूर्वी त्या बाजूचा हात पसरावा, आणि थांबण्यापूर्वी हात वर करून मागच्यांना कळवावे. चौकात डावीकडे थेट वळता येत नाही: आधी सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे, दिशा बदलायची आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाल्यावर निघायचे. अंधारात पुढे-मागे दिवे असणे सक्तीचे आहे. पायी फिरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण छायाचित्र काढण्यासाठी सायकलमार्गावर उभा राहिलेला पर्यटक हा येथील रहिवाशांच्या संयमाची कसोटी पाहणारा प्रकार आहे.

फिरण्यासाठी बंदराभोवतीचा फेरा उत्तम. २०१४ साली खुला झालेला, नारिंगी पृष्ठभागाचा, नागमोडी ‘सिकेलस्लांगेन’ हा उन्नत मार्ग केवळ सायकलींसाठी आहे आणि पाण्यावरून डौलदार वळणे घेत जातो. कलाकार ओलाफुर एलियासन यांनी रचलेला, जहाजांच्या डोलकाठ्यांची आठवण करून देणारा ‘सिर्केलब्रोएन’ हा पूल २०१५ चा. नोरेब्रो भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिग्नलांची वेळ अशी जुळवलेली आहे की ताशी वीस किलोमीटरचा वेग राखणाऱ्या सायकलस्वाराला गर्दीच्या वेळी ओळीने हिरवे दिवे मिळत जातात. उपनगरी रेल्वेत सायकल विनामूल्य नेता येते, त्यामुळे दमलेल्याने लाज न बाळगता गाडी पकडावी.

प्रश्न: डॅनिश डिझाइनचा एवढा बोलबाला का आहे आणि ते नेमके कोठे पाहावे?

सुरुवात ब्रेडगाडे या रस्त्यावरील डिझाइन संग्रहालयापासून करावी. अठराव्या शतकातील फ्रेडरिक रुग्णालयाच्या वास्तूत हे संग्रहालय आहे. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड यांचे १८५५ साली याच रुग्णालयात निधन झाले. पुढे १९२० च्या दशकात या वास्तूचे संग्रहालयात रूपांतर करण्याच्या कामात कोरे क्लिंट यांचा मोठा वाटा होता. क्लिंट यांनी १९२४ पासून राजेशाही कला अकादमीत फर्निचरचे शिक्षण दिले. माणसाच्या शरीराची मापे आणि घरातील वस्तूंची मापे आधी घ्यायची, जुन्या चांगल्या नमुन्यांचा अभ्यास करायचा आणि मगच कागदावर रेघ ओढायची, ही त्यांची शिस्त. पुढच्या पिढीची नावे आज जगभर घेतली जातात, पण त्या पिढीच्या कामाखालचा पाया या शिस्तीचा होता. संग्रहालयातील खुर्च्यांच्या दालनात दोन्ही बाजूंना उजळलेल्या कोनाड्यांत एकेक खुर्ची मांडलेली आहे, आणि तेथून चालत जाताना एकच प्रश्न पन्नास-शंभर वेळा वेगवेगळ्या रीतीने कसा सोडवला गेला ते कळते.

डॅनिश डिझाइनकारांपैकी तिघांकडे विशेष लक्ष द्यावे. हान्स वेग्नर मुळात सुतार होते. त्यांच्या १९४९ सालच्या लाकडी खुर्चीवर बसून केनेडी आणि निक्सन १९६० च्या दूरचित्रवाणीवरील वादचर्चेला सामोरे गेले. आर्ने याकोबसन यांनी मध्यवर्ती स्थानकाजवळचे एसएएस विमान कंपनीचे हॉटेल इमारतीपासून चमच्यांपर्यंत स्वतः रचले. ‘एग’ आणि ‘स्वान’ या प्रसिद्ध खुर्च्या १९५८ मध्ये याच हॉटेलसाठी जन्मल्या, आणि १९६० मध्ये उघडलेल्या या हॉटेलातील ६०६ क्रमांकाची खोली आजही मूळ स्वरूपात जपलेली आहे. तिसरे पाउल हेनिंगसन. विजेच्या उघड्या दिव्याने डोळे दिपतात ही तक्रार त्यांनी आयुष्यभर मनावर घेतली आणि एकाखाली एक झडपांचे असे दिवे बनवले की बसलेल्या माणसाला बल्ब दिसूच नये, फक्त उजेड मिळावा. १९५८ चा ‘पीएच-५’ हा त्यांचा दिवा डेन्मार्कमधील असंख्य जेवणाच्या मेजांवर लटकलेला दिसतो. संध्याकाळी रस्त्यावरून चालताना पडदे नसलेल्या खिडक्यांतून तो सहज दृष्टीस पडतो. टक लावून पाहू नये, पण नजर गेली तर हरकत नाही.

संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते, आणि हीच गोष्ट शहरातील इतर अनेक संग्रहालयांची आहे, त्यामुळे सोमवार उघड्यावर फिरण्यासाठी ठेवावा. वेळ असल्यास बिस्पेब्येर्ग भागातील ग्रुंडटविग चर्च चुकवू नये. कोरे क्लिंट यांच्या वडिलांनी आराखडा केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने १९४० साली पूर्ण केलेले हे चर्च लाखो पिवळ्या विटांचे आहे. आत रंगीत चित्रे किंवा सोनेरी नक्षी जवळजवळ नाही, केवळ विटा, उंची आणि उजेड आहे. बसण्यासाठीच्या साध्या लाकडी खुर्च्याही कोरे क्लिंट यांच्याच. आमच्या मते शहरातील सर्वांत सुंदर अंतर्भाग हाच. पर्यटक तेथे क्वचितच फिरकतात.

प्रश्न: जुन्या वास्तूंपैकी कोणत्या निवडाव्यात?

राजा चौथा क्रिस्टियान याच्या बांधकामवेडाला हे शहर मोठे ऋणी आहे. त्याच्या रोझेनबोर्ग किल्ल्याच्या तळघरात राजमुकुट आणि रत्ने आहेत, आणि १६४२ साली पुरा झालेल्या ‘रुंडेटॉर्न’ या वेधशाळेच्या मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा उतार आहे. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ मध्ये त्यावरून घोड्यावर बसून वर गेला, असे सांगतात. गुडघेदुखी असलेल्यांनाही हा चढ झेपतो. याउलट क्रिस्टियान्सहाव्न भागातील व्हॉर फ्रेल्सर्स चर्चच्या शिखराभोवती बाहेरून वळसे घेत जाणाऱ्या सुमारे दीडशे पायऱ्या उंचीची भीती असणाऱ्यांनी खालूनच पाहाव्यात. क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्यात आता संसद, सर्वोच्च न्यायालय आणि पंतप्रधानांचे कार्यालय आहे. त्याच्या मनोऱ्यावर जाण्यास शुल्क नाही. शेजारच्या ‘बॉर्सेन’ या सतराव्या शतकातील व्यापारगृहाला १६ एप्रिल २०२४ रोजी आग लागून चार ड्रॅगनांच्या शेपट्या पिळून केलेले त्याचे शिखर कोसळले. आता तेथे पुनर्बांधणी सुरू आहे. आमालिएनबोर्ग या राजनिवासापाशी दुपारी बारा वाजता पहारा बदलतो.

रंगीत घरांचा न्यूहाव्न कालवा सतराव्या शतकात खोदला गेला आणि परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसन तेथील वेगवेगळ्या घरांत अनेक वर्षे राहिले. छायाचित्र जरूर काढावे. जेवण मात्र दुसरीकडे करावे.

प्रश्न: बंदराच्या पाण्यात लोक खरोखर पोहतात का?

होय. एकेकाळी ज्या पाण्यात सांडपाणी आणि कारखान्यांची घाण येत असे, ते मलवाहिन्यांच्या आणि साठवण टाक्यांच्या कामांनंतर इतके सुधारले की २००२ साली आयलँड्स ब्रिग्गे येथे पहिले बंदर-स्नानगृह सुरू झाले. प्रवेश विनामूल्य असून उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. मुसळधार पावसानंतर पाण्याची प्रत घसरल्यास ते काही काळ बंद ठेवतात. पाणी ऑगस्टमध्येही गारच असते.

गरजेच्या जागेतून विरंगुळा घडवण्याचा असाच दुसरा नमुना ‘आमायर बाके’ हा. बियार्के इंगेल्स यांच्या कार्यालयाने रचलेला हा प्रकल्प म्हणजे कचरा जाळून घरांसाठी ऊब आणि वीज निर्माण करणारा कारखाना आहे, आणि त्याच्या उतरत्या छपरावर २०१९ पासून कृत्रिम घसरपट्टीवर स्कीइंग करता येते. वर चालत जाण्यास पैसे पडत नाहीत. वरून ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतील पवनचक्क्या, पूल आणि पलीकडचा स्वीडनचा किनारा दिसतो.

प्रश्न: शाकाहारी मंडळींचे हाल होतात का?

होत नाहीत, परंतु पारंपरिक डॅनिश उपाहारगृहात पर्याय मोजके असतात. राय या धान्याच्या काळ्या पावावर निरनिराळे थर रचलेले ‘स्मोरब्रॉड’ हे दुपारचे प्रमुख खाणे. त्यात हेरिंग मासा, डुकराचे मांस आणि कोळंबी यांची रेलचेल असली तरी उकडलेल्या बटाट्याचे आणि अंड्याचे प्रकारही मिळतात. बटाट्याच्या प्रकारावर कधीकधी मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात, म्हणून मागवताना विचारून घ्यावे. ‘व्हेगेटारिस्क’ लिहिलेल्या पदार्थात अंडे आणि चीज असू शकते. तेही चालत नसेल तर ‘व्हेगान्स्क’ शब्द शोधावा. नोरेब्रो भागात फलाफल स्वस्त आणि पोटभर मिळते, आणि नोरेपोर्ट स्थानकाजवळच्या ‘टॉर्व्हेहालर्ने’ या काचेच्या मंडईत एकाच कुटुंबातील शाकाहारी आणि मत्स्यप्रेमी दोघांचीही सोय होते. सकाळी कोणत्याही चांगल्या बेकरीत दालचिनीची गुंडाळी आणि कॉफी घ्यावी. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली निवासाची जागा घ्यावी हे उत्तम.

प्रश्न: शहर फार महाग आहे असे ऐकतो. ते खरे आहे का?

खरे आहे. चलन युरो नसून डॅनिश क्रोन आहे आणि एका युरोचे सुमारे साडेसात क्रोन होतात. उपाहारगृहातील जेवण आणि हॉटेलची खोली यांवर सर्वाधिक खर्च होतो. बचतीचे मार्गही आहेत: नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते, त्यामुळे बाटली सोबत ठेवावी, किराणा दुकानातून पाव, चीज आणि फळे घेऊन बागेत बसून जेवणे हा तेथील लोकांचाही आवडता उद्योग आहे. सेवाशुल्क बिलातच असल्याने वेगळी बक्षिसी अपेक्षित नसते. जवळजवळ सर्वत्र कार्ड चालते, आणि काही ठिकाणी रोख रक्कम घेतच नाहीत. शीतपेयाच्या बाटल्या आणि डबे यांवर १ ते ३ क्रोनची अनामत घेतली जाते. रिकामी बाटली किराणा दुकानातील यंत्रात टाकली की ती परत मिळते.

प्रश्न: लहान मुलांना टिव्होली आवडेल का?

आवडेल, आणि आजी-आजोबांनाही. मध्यवर्ती स्थानकासमोरचे हे उद्यान १५ ऑगस्ट १८४३ रोजी उघडले. तेथील १९१४ ची लाकडी घसरगाडी आजही धावते आणि तिच्यात बसलेला एक कर्मचारी हाताने ब्रेक लावून तिचा वेग सांभाळतो. प्रवेशमूल्य आणि पाळण्यांचे शुल्क वेगवेगळे असते. वर्षभर उद्यान उघडे नसते, त्यामुळे हंगामाच्या तारखा आधी पाहाव्यात. शक्य असल्यास दुपारी उशिरा जाऊन दिवे लागेपर्यंत थांबावे.

प्रश्न: क्रिस्टियानिया येथे जाणे सुरक्षित आहे का?

दिवसा जाण्यास अडचण नाही. १९७१ मध्ये रिकाम्या लष्करी बराकींत तरुणांनी वसवलेली ही वसाहत हाताने बांधलेल्या घरांसाठी आणि तळ्याकाठच्या वाटांसाठी पाहण्यासारखी आहे. गांजाच्या उघड विक्रीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या गल्लीतील फरसबंदी एप्रिल २०२४ मध्ये रहिवाशांनीच पुढाकार घेऊन उखडली. अमली पदार्थ डेन्मार्कमध्ये बेकायदा आहेत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. शहरात एकंदर भय कमी आहे. पाकीटमारांपासून मात्र स्थानकावर, स्ट्रॉयेट या पादचारी रस्त्यावर आणि न्यूहाव्न येथे सावध राहावे. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

प्रश्न: एका दिवसात जाऊन येण्याजोगे काय आहे?

एकच निवडायचे असेल तर हुमलेबेक येथील लुइझियाना कलासंग्रहालय. शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, समुद्राकाठच्या हिरवळीत १९५८ साली उभे राहिलेले हे संग्रहालय चित्रांइतकेच इमारत आणि बाग यांच्या मेळासाठी पाहावे. त्याच रेल्वेमार्गावर पुढे हेल्सिंगॉर येथे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’शी नाव जोडले गेलेला क्रॉनबोर्ग किल्ला आहे, सकाळी लवकर निघाल्यास दोन्ही साधतात. इतिहासाची ओढ असणाऱ्यांनी रॉस्किल्डे गाठावे. तेथे खाडीतून १९६२ मध्ये काढलेली पाच व्हायकिंग जहाजे आहेत आणि कॅथेड्रलमध्ये डॅनिश राजांच्या समाध्या. २००० साली सुरू झालेल्या ओरेसुंड पुलावरून स्वीडनमधील माल्मो शहर रेल्वेने पाऊण तासाच्या आत येते. पारपत्र जवळ असू द्यावे.

प्रश्न: या शहराचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. १६२० ते १८४५ या काळात तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी ही डॅनिश वसाहत होती, आणि तिच्याशी चालणाऱ्या व्यापाराची गोदामे क्रिस्टियान्सहाव्नमधील ‘आसियाटिस्क प्लाड्स’ येथे आजही उभी आहेत. तरंगंबाडीला आलेल्या धर्मप्रसारकांपैकी क्रिस्टियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे मूळचे जर्मन. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांचे ते शिक्षक आणि पालक होते. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्या विद्याप्रेमामुळे समृद्ध झाले, त्या मराठी राजाच्या शिक्षणाची एक वाट अशी डेन्मार्कच्या राजाने चालवलेल्या मिशनपर्यंत जाते.

दुसरा धागा मुंबईचा. कोपनहेगनच्या एका सिमेंटयंत्र कंपनीच्या कामासाठी भारतात आलेले हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली, आणि तिच्यातूनच आजची ‘लार्सन अँड टुब्रो’ उभी राहिली.

प्रश्न: वेळेचा फरक किती, आणि आपले चार्जर चालतात का?

उन्हाळ्यात कोपनहेगन भारताच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. दोन गोल पिनांचे मोबाइल चार्जर थेट बसतात. तीन पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर न्यावा.

प्रश्न: खरेदी काय करावी आणि कर परत मिळतो का?

आमागरटॉर्व्ह चौकातील ‘इलुम्स बोलिगहूस’ या दुकानात डॅनिश घरगुती वस्तूंचे सर्व मजले पाहण्यास निदान दोन तास लागतात, आणि शेजारीच १७७५ पासून चालत आलेल्या ‘रॉयल कोपनहेगन’ पोर्सलीनचे दालन आहे. नवीन खुर्ची घरी आणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असले तरी लाकडी खेळणी, मेणबत्तीदाण्या, सुती टॉवेल किंवा निळ्या नक्षीचा एखादा कप सामानात सहज मावतो. जुन्या वस्तूंची आवड असल्यास नोरेब्रोमधील राव्हन्सबोर्गगाडे या रस्त्यावरची दुकाने धुंडाळावीत.

वस्तूंच्या किमतीत २५ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांनी एका दुकानात किमान ३०० क्रोनची खरेदी केल्यास त्यातील काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी दुकानातच पारपत्र दाखवून अर्ज भरून घ्यावा आणि वस्तू न वापरता तशीच ठेवावी. परतीच्या वाटेवर युरोपीय संघातील दुसऱ्या विमानतळावर विमान बदलणार असाल आणि वस्तू हातसामानात असेल, तर सीमाशुल्काचा शिक्का तेथे मिळतो; सामान थेट मुंबईपर्यंत नोंदवून वस्तू त्यात ठेवणार असाल, तर ते सुपूर्द करण्यापूर्वी कोपनहेगनलाच शिक्का घ्यावा लागतो. या रांगेसाठी नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर आधी विमानतळावर पोहोचावे.